४०६४ तारा आणि एकच शिट्टी: ऑटोमॅटिक वायर बाँडर, तीन वर्षांच्या वापरानंतर

आधीच सांगून टाकते, हे मशीन तुमच्यापैकी बहुतेक जण आयुष्यात कधी विकत घेणार नाहीत. किंमत कोटीच्या पुढे, आकार दोन फ्रिज शेजारी शेजारी ठेवल्याएवढा, आणि काम काय, तर केसाहून बारीक तार दोन ठिकाणी चिकटवणं. तरी गेल्या वर्षभरात पुण्याहून आणि बंगळुरूहून मिळून चार जणांनी विचारलं, "ताई, आमच्या लॅबला घ्यायचंय, कसं आहे?" दर वेळी फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. कंपनीचं नाव घेणार नाही. पुढे तक्रारी येणार आहेत, आणि त्यांच्या सर्व्हिसवाल्यांशी मला अजून काही वर्षं गोडीत राहायचंय. शिवाय असली मशीनं बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच. मी म्हणतेय त्यातलं बरंचसं सगळ्यांनाच लागू पडेल.

हे लिहितेय तेव्हा काचेपलीकडे क्लीनरूममध्ये ते चालूच आहे. एका बाजूच्या तारा घालायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात जमेल तसं लिहायचं. काम संपलं की मशीन शिट्टी मारतं. तार तुटली तरी तीच शिट्टी मारतं. हा पहिला दोष, लिहून ठेवा.

मी मूळची इचलकरंजीची. अण्णा यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुण्यात आठ वर्षं सर्किट बोर्डांच्या कारखान्यात मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले, आणि नवऱ्याच्या नोकरीमागे जर्मनीत आले. इथल्या एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. शास्त्रज्ञ नाही. पण शास्त्रज्ञांच्या मोजमापात काही गडबड निघाली की पहिला फोन मलाच येतो.

आम्ही बनवतो ते सर्नच्या सीएमएस प्रयोगाच्या नव्या ट्रॅकरचे तुकडे. सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा, तिथे प्रोटॉन एकमेकांवर आपटवतात; सीएमएस हा त्या टकरी बघणारा एक प्रयोग. ट्रॅकर म्हणजे टक्कर झाल्यावर उधळलेले कण कुठून कुठे गेले त्याचा माग काढणारं यंत्र. सध्या तिथे बसलेला, २००७ साली उतरवलेला ट्रॅकर १५,१४८ मोड्यूलांचा आहे. मोड्यूल म्हणजे कण टिपणारं सिलिकॉन (सेन्सर) आणि ते वाचणाऱ्या चिपा एकत्र बसवलेला तुकडा. त्यातलं सिलिकॉन पसरून ठेवलं तर २०० चौरस मीटर भरेल, टेनिसच्या कोर्टाएवढं. आता टकरींची संख्या कितीतरी पटींनी वाढवणार आहेत. जुन्या सिलिकॉनने किरणांचा मारा खाऊन झालाय, म्हणून सगळंच नव्याने चाललंय. मोड्यूल जोडण्याचं काम युरोप-अमेरिकेत आणि आपल्याकडेही वाटून दिलेलं आहे. आमच्या वाट्याला जो प्रकार आलाय त्याला टू-एस म्हणतात. दोन सेन्सर, दोन्ही पट्ट्यांचे, म्हणून टू-एस. असे सात हजार सहाशेच्या आसपास लागणार आहेत.

एक सेन्सर दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, आणि ३२० मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हातात घेतला (घेत नाही, पण समजा घेतला) तर काळपट आरसा वाटतो. त्यावर ९०-९० मायक्रॉनवर पट्ट्या आखलेल्या असतात. दोन ओळी, प्रत्येक पट्टी पाच सेंटिमीटर लांब, एका ओळीत १०१६. उलट दिशेने व्होल्टेज लावून सेन्सर तयार ठेवायचा. कण आरपार गेला की वाटेत सुमारे बावीस हजार इलेक्ट्रॉन मोकळे होतात. आकडा ऐकायला मोठा, पण वीज म्हणून बघाल तर काहीच नाही. तेवढी वीज पट्टीच्या टोकाला येते, तिथून माझ्या तारेतून चिपमध्ये जाते. मध्ये तार नसेल तर ती पट्टी मेली.

असे दोन सेन्सर पाठीला पाठ लावून बसवतात, मध्ये १.८ किंवा ४ मिलिमीटरची फट. फट कशासाठी, तर सीएमएसच्या चुंबकाचं क्षेत्र ३.८ टेस्ला आहे, त्यात कण वळतो. सावकाश असेल तो जास्त वळतो, जोरात असेल तो जवळजवळ सरळ जातो. (सावकाश म्हणायचं नसतं, "कमी संवेगाचा" म्हणायचं, मला दोनदा सुधारलंय.) वरच्या सेन्सरवर कुठे लागला आणि खालच्यावर कुठे, यातला सरक बघून चिप जागच्या जागी ठरवते की हा कण कामाचा की गर्दीतला. सेकंदाला चार कोटी वेळा. म्हणून वरच्या आणि खालच्या पट्ट्या एकाच चिपला जाव्या लागतात. एका चिपला १२७ वरच्या, १२७ खालच्या. आठ चिपा बसवलेल्या छोट्या सर्किट बोर्डाला हायब्रिड म्हणतात, मोड्यूलच्या दोन्ही टोकांना एकेक. म्हणजे १०१६ गुणिले चार: ४०६४ तारा. अर्ध्या एका अंगाला, मग मोड्यूल उलटा करून अर्ध्या दुसऱ्या अंगाला.

या सरकाच्या हिशेबासाठी दोन्ही सेन्सर एकमेकांशी किती समांतर हवेत? चारशे मायक्रोरेडियनच्या आत. घरच्या भाषेत, दहा सेंटिमीटरच्या काठावर एका टोकाला ४० मायक्रॉन. त्याहून जास्त तिरपं चालत नाही. ते काम बाँडरचं नाही, चिकटवणाऱ्या जिगचं आहे. जिग म्हणजे काम चालू असताना तुकडा जागच्या जागी धरून ठेवणारा साचा. पण "जिग" हा शब्द इथेच लक्षात ठेवा, माझं सगळं रडगाणं त्याच्याभोवती आहे.

आता मशीन. अ‍ॅल्युमिनियमची तार, एक टक्का सिलिकॉन मिसळलेली, जाडी २५ मायक्रॉन. टंगस्टन कार्बाइडची एक टोकदार वेज असते, तिच्या टाचेला भोक, त्यातून तार येते. वेज खाली उतरून तारेला पॅडवर, म्हणजे तार जोडायच्या धातूच्या इवल्या ठिपक्यावर, दाबते आणि कानाला ऐकू न येणाऱ्या वेगाने थरथरते. त्या घासण्याने अ‍ॅल्युमिनियमवरची गंजाची साय फाटते आणि धातू धातूला धरतो. उष्णता नाही, सोल्डर नाही, चिकटवायला काही नाही. मग डोकं वर उठतं, तारेची कमान करतं, सेन्सरच्या पॅडवर दुसरा टाका घालतं, तार तोडतं आणि पुढच्या पट्टीवर जातं. शेजारच्या दोन तारांमध्ये ६५ मायक्रॉनची मोकळी जागा. माणसाचा केस कसाबसा मावेल.

अण्णांना व्हिडिओ पाठवला तेव्हा ते म्हणाले, "ही तर वहीफणी." ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मागावर नवा बीम (ताण्याचे, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ) चढवायचा तर ते हजारो धागे एकेक करून आधी वहीतून, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या फासांतून, आणि मग फणीतून ओवावे लागतात. इचलकरंजीत तो स्वतंत्र धंदा आहे. एक जण धागा पुढे करतो, दुसरा आकड्याने ओढून घेतो, आणि एक धागा जरी चुकला तरी अख्ख्या कापडात रेघ जाते. आमच्या बोळातल्या एका काकांनी चाळीस वर्षं दुसरं काही केलं नाही. त्या हिशेबाने हे मशीन म्हणजे न दमणारे काका.

कौतुक आधी करते, कारण ते खरं आहे. एकदा सेटिंग जमलं की ते जमतं. दाब, अल्ट्रासाउंडची ताकद आणि वेळ, या तीन गोष्टींचं जे गणित पहिल्या तारेला, तेच चार हजाराव्या तारेला. तिरपा दिवा लावून मायक्रोस्कोपमधून बघितलं तर कमानी अशा एकसारख्या उभ्या असतात की फणीचे दात वाटावेत. पॅडला टेकल्याचं त्याला अचूक कळतं. सेन्सर किंचित वाकलेला असला तरी प्रत्येक पॅडची उंची वेगळी मोजून उतरतं. कॅमेरा दोन खुणा बघून मोड्यूल किती तिरपा ठेवलाय ते स्वतः ओळखतो. आमचं जुनं हाताने चालवायचं मशीन आहे, त्यावर कुशल माणूस एक तार घालायला पाच-दहा सेकंद घेतो, आणि दोनशे तारांनंतर त्याचा खांदा बोलायला लागतो. हे सेकंदाला जवळजवळ दोन घालतं आणि चहा मागत नाही.

तार ओवणं मात्र अजून आपल्यालाच करायचं. २५ मायक्रॉनची तार वेजच्या भोकात घालायची, तीही तिरप्या भोकात, चिमट्याने, श्वास रोखून. सवय नसेल तर पहिल्या दिवशी दीड तास जातो आणि रडू येतं. मला आता चार मिनिटं लागतात. युक्ती अशी की तारेचं टोक आधी कोऱ्या ब्लेडने तिरपं कापायचं आणि चिमटा भोकाच्या मागून नाही, बाजूने आणायचा. मॅन्युअलमध्ये चित्र आहे, पण ते चित्र काढणाऱ्याने स्वतः कधी तार ओवली असेल असं वाटत नाही.

आता ती गोष्ट. विकत घेण्याआधी आम्ही त्यांच्या शोरूममध्ये डेमो बघितला होता. सपाट व्हॅक्यूमच्या पाटावर एक चाचणीचा बोर्ड ठेवला, मशीनने पाचशे तारा घातल्या, एकही चुकली नाही. आमचे प्राध्यापक खूश. मीही. सोबत आमच्या मोड्यूलसाठी खास जिग बनवून देतो म्हणाले, वेगळे पैसे घेऊन. मशीन आलं, जिग आलं. पहिल्या महिन्यात नकली मोड्यूलांवर सराव. साधं सिलिकॉन, पट्ट्या आखलेल्या, पण आत काही नाही.

पहिली बाजू सुरेख. मोड्यूल उलटा केला, दुसरी बाजू केली, स्क्रीनवर सगळं हिरवं. मग पुल टेस्ट. पुल टेस्ट म्हणजे कमानीखाली बारीक आकडा घालून तार वर ओढायची आणि किती ग्रॅमला जाते ते बघायचं. तारेची स्वतःची ताकद चौदा-पंधरा ग्रॅम. कमानीच्या कोनामुळे आणि टाक्याच्या टाचेशी तार दबल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी भरते, आणि सरासरी आठच्या वर असेल तर आम्ही समाधानी. पहिल्या बाजूला सरासरी नऊच्या वर आली. दुसऱ्या बाजूला पाच. तेही सगळीकडे नाही. ३८० ते ५२० नंबरच्या पट्ट्यांमध्ये काही तारा दोन ग्रॅमलाच हातात आल्या. मशीनच्या नोंदीत मात्र त्या प्रत्येकीपुढे बरोबरची खूण.

दोन आठवडे आम्ही काय काय केलं नाही! वेज बदलली. तारेचं रीळ बदललं. हायब्रिडचे पॅड अल्कोहोलने पुसले. अल्ट्रासाउंडची ताकद वाढवली, तर तारेची टाच चपटी होऊन वेगळ्याच ठिकाणी तुटायला लागली. कंपनीला लॉग पाठवले, उत्तर आलं, "आमच्याकडून सर्व मूल्ये मर्यादेत आहेत." मूल्यं मर्यादेत होतीच. तारा मर्यादेत नव्हत्या.

रविवारी अण्णांचा फोन असतो. मी कुरकुर केली, "अण्णा, तारा निघतायत."

"तुटत्यात का सुटत्यात?"

"म्हणजे?"

"अगं, धागा मधनं तुटला तर धाग्यात खोट. गाठीतनं सुटला तर बांधणाऱ्यात. न्हाईतर माग हलतोय. पाय बघितलास का मागाचा?"

खरं तर हे मला ठाऊक असायला हवं होतं. पुल टेस्टच्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना असतो: तार टाचेशी तुटली, की टाका पॅडवरून उचकटला. टाचेशी तुटली तर टाका पक्का आहे, ग्रॅम थोडे कमी का असेनात. उचकटला तर टाका बसलाच नव्हता. आम्ही दोन आठवडे ग्रॅमच्या रकान्याकडे बघत होतो. सोमवारी दुसरा रकाना काढला. त्या पट्ट्यांमधल्या जवळजवळ सगळ्या उचकटलेल्या, आणि सगळ्या सेन्सरच्या टोकाला. हायब्रिडच्या टोकाला एकही नाही.

म्हणजे सेन्सर खालून हलत होता. पण जिगवर व्हॅक्यूम तर नीट लागलेला. मग मी मायक्रोस्कोप पॅडवर फोकस केला आणि कापसाच्या काडीने सेन्सरचा काठ अगदी हलका दाबला. चित्र धूसर झालं. काडी उचलली, परत स्पष्ट. मधल्या भागात काठ अधांतरी होता.

झालं होतं असं. मोड्यूल उलटा केल्यावर आधी घातलेल्या दोन हजार तारा खालच्या बाजूला येतात. त्यांना कशाचाही स्पर्श चालत नाही, म्हणून जिगमध्ये त्यांच्यासाठी चर असतो आणि चराच्या अगदी आत एक अरुंद धार सेन्सरला आधार देते. त्या धारेची जागा फार जपून ठरवावी लागते. जरा बाहेर गेली की तारा चिरडतात, जरा आत गेली की पॅडच्या खाली आधार उरत नाही. जिग बनवणाऱ्यांनी तारा वाचवण्यासाठी धार दोन मिलिमीटर आत घेतली होती, आणि मधल्या भागात ती किंचित खालीही होती. तीनेकशे मायक्रॉन जाडीची काच-तावदानासारखी चीज, दोन मिलिमीटर अधांतरी, वरून वेज दाबतेय आणि थरथरवतेय. ती थरथर टाक्यात जाण्याऐवजी सेन्सर हलवण्यात जात होती. मशीनला वाटत होतं आपण काम केलं, कारण थरथर खर्च झालेली दिसत होती.

नवं जिग विद्यापीठाच्या वर्कशॉपमधल्या निवृत्तीला टेकलेल्या मिस्त्रींनी केलं. अ‍ॅल्युमिनियमचं, धार पॅडच्या बरोबर खाली, तारांपासून पाऊण मिलिमीटर लांब. त्यांनी तीनदा खरवडलं, तीनदा शाई लावून बघितलं. चौथ्यांदा सेन्सर ठेवला आणि कापसाची काडी दाबली तर चित्र हललं नाही. दुसऱ्या बाजूची सरासरी नऊ पॉइंट चार. सेटिंगमध्ये एक आकडाही बदलला नव्हता.

म्हणून जो कोणी मला विचारतो त्याला मी हेच सांगते. कोटीच्या मशीनवर भाव करा, पण जिगवर कंजुषी करू नका, आणि जिग शक्यतो तिथेच करून घ्या जिथे तुम्ही स्वतः जाऊन उभे राहू शकता. आणि पुल टेस्टर मशीनच्या आधी घ्या. मशीन स्वतःच्या कामाला स्वतःच गुण देतं, त्यावर विसंबून खरे सेन्सर लावू नका. किमतीत पुल टेस्टर बाँडरच्या शेपटाएवढाही नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात, कारण आठवलं की डोकं फिरतं. पडद्यावरची बटणं चाळीस, लागणारी सहा. चूक झाली की एक क्रमांक येतो, त्याचा अर्थ दुसऱ्या फाइलमध्ये. खऱ्या मोड्यूलांना सुरुवात करून चार महिने झाले होते तेव्हा त्यांच्या माणसाने दुरून अपडेट टाकला. अपडेटने सुरक्षित उंचीची (वेज इकडून तिकडे जाताना सेन्सरच्या किती वरून जायची त्याची) किंमत परत कारखान्यातली केली आणि कुणाला सांगितलं नाही. पुढच्या मोड्यूलवर वेज एका बाजूहून दुसरीकडे जाताना सेन्सरवरून घासत गेली. अकरा पट्ट्या. डोळ्यांना दिसायला एक केस पडलाय असं वाटत होतं. व्होल्टेज लावलं तर दीडशेच्या पुढे करंट चढतच गेला; याच सेन्सरांनी ८०० व्होल्ट सोसणं अपेक्षित असतं. मोड्यूल बाद. तक्रार केली तर व्हिडिओ कॉलवर पहिला सल्ला मिळाला: "एकदा बंद करून चालू करून बघा." तेव्हापासून मशीन इंटरनेटला जोडलेलं नाही, आणि दर सोमवारी सकाळी सुरक्षित उंची मी स्वतः वाचून वहीत लिहिते. प्राध्यापकांना हसू येतं. येऊ दे.

सर्व्हिस करार घ्यावा का? घ्यावा, नाइलाज आहे. अल्ट्रासाउंड देणारा भाग बिघडला तर तुम्ही घरी काही करू शकत नाही. पण वेज बदलणं, तारेचा क्लँप साफ करणं, कॅमेऱ्याचं माप जुळवणं ही कामं त्यांच्या माणसाकडून पहिल्याच भेटीत शिकून घ्या. तो शिकवतो, बिचारा चांगला असतो. करारात ते लिहिलेलं नसतं एवढंच.

हाताचं जुनं मशीन विकू नका. चार हजारांत दोन-तीन तारा वाकड्या जातातच. मग वाकडी तार चिमट्याने काढायची आणि पॅडच्या उरलेल्या जागेत हाताने नवी घालायची. ती कामं मोठ्या मशीनवर करायला गेलं की प्रोग्राम लिहिण्यातच दुपार जाते. आमचं हाताचं मशीन वीस वर्षांपूर्वीचं असेल, एका बाजूचा रंग उडालाय, पण दुरुस्तीला त्याच्यासारखं काही नाही.

सुटलेली तार कशी सापडते, ते मला फार आवडतं. कण वगैरे लागत नाही. मोड्यूल अंधाराच्या पेटीत ठेवायचा, व्होल्टेज लावायचं आणि प्रत्येक पट्टी नुसतीच किती कुरबुर करते ते मोजायचं. तार जोडलेली असेल तर पट्टीची सगळी धारकता (वीज साठवून धरायची क्षमता) चिपला जाणवते आणि थोडा गोंगाट येतो. तार नसेल तर गोंगाट कमी. म्हणजे आलेखात जी पट्टी जास्त शांत, तिचीच तार गेलेली. माझ्या घरातही साधारण असंच आहे. दोन मुलं खोलीत आहेत आणि आवाज येत नाही म्हटलं की मी उठून बघायला जाते.

सगळं पास झालं की तारांच्या पायथ्यांवर पारदर्शक सिलिकॉन रबर ओततो. बरेच जण विचारतात, एवढ्या सुंदर तारा झाकायच्या कशाला? हात लागू नये हे एक कारण. दुसरं जास्त गमतीचं. अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये सीडीएफ नावाचा प्रयोग होता. तिथे सिलिकॉन डिटेक्टरच्या काही तारा चालू असतानाच तुटायला लागल्या. त्या तारांमधून करंट कमी-जास्त होत होता आणि त्या चुंबकाच्या क्षेत्रात आडव्या होत्या, म्हणजे प्रत्येक झटक्याला तारेला किंचित ढकल बसत होती. झटके जेव्हा ठरावीक लयीत आले आणि ती लय तारेच्या स्वतःच्या लयीशी जुळली, तेव्हा तारा झोके घेत घेत टाचेशी थकून तुटल्या. हे वाचल्यापासून रबर ओतायचा कंटाळा मी कधी केला नाही. एक मात्र आहे. रबर ओतल्यावर दुरुस्ती जवळजवळ संपली, म्हणून त्याआधी एकदा झोप काढून सकाळच्या डोळ्यांनी सगळ्या तारा परत बघायच्या.

पुण्याच्या एका मुलाने विचारलं होतं, हे सगळं आपल्याकडे जमेल का. मला प्रश्नच कळला नाही. सीएमएसच्याच प्रीशॉवर नावाच्या भागासाठी मुंबईच्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये सिलिकॉन सेन्सर बनवून घेतले होते, साधारण हजार. त्यांच्या पट्ट्या रुंद होत्या, ३२ पट्ट्यांत सेन्सर संपायचा, पण सिलिकॉन ते सिलिकॉनच. मशीन घेणाऱ्यांनी मात्र हवामानाचा विचार आधी करा. आमच्याकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की अंगावरच्या स्थिर विजेची भीती. तुमच्याकडे जुलैत उलटं. पट्ट्यांवर ओल धरली की करंट वाढतो आणि तुम्ही दोष देता बाँडरला. एसीबरोबर हवा कोरडी करणारं यंत्र, मोड्यूल ठेवायला कोरडं कपाट, आणि तळमजल्यावरची खोली. शेजारी जिना किंवा लिफ्ट नको. मशीनखाली जड दगडी पाया असतो, पण तो आहे म्हणून तिसऱ्या मजल्यावर ठेवलं तर अण्णांचा प्रश्न परत विचारायची वेळ येईल.

गुण द्यायचेच तर: मशीनला पाचपैकी चार. सॉफ्टवेअरला दोन. सर्व्हिसला अडीच, तोही माणसं चांगली आहेत म्हणून. सोबत आलेल्या जिगला शून्य देणार होते, पण त्याच्या चरात कॉफीचे कप उलटे फार छान राहतात, पॅन्ट्रीत ठेवलंय. परत घ्यायची वेळ आली तर हेच घेईन का? हो. पण खरेदीच्या यादीत पहिल्या ओळीत पुल टेस्टर, दुसऱ्या ओळीत वर्कशॉपच्या मिस्त्रींचे तास, आणि मग मशीन. दोन रिळं तार जास्तीची, तारखा टाकून, कोरड्या कपाटात. जुनी झालेली तार दिसायला तशीच दिसते आणि टाके धरत नाही, हे कळायला मला एक अख्खा शुक्रवार लागला होता.

आणि त्यांना कुणी तरी सांगा की दोन वेगळ्या शिट्ट्या बसवा. तीन वर्षं लिहितेय त्यांना.

आत्ता वाजली. बावीसच मिनिटं झालीत. टोपी-मास्क चढवून आत जाऊन बघते, संपलंय का तुटलंय.